बोट बंद करण्याआधी

ये गं, जवळ सरक. वाचताना का होईना, माझ्या शेजारी सतरंजीवर बसलीयस असं समज. तुझं मारुंजी काही परमुलखात नाही, पण तुला इथं चिखलीला यायला सवड होत नाही. मागच्या खेपेला आलीस ती चप्पल न काढताच. पिशवी दारात ठेवलीस, "बरी आहेस ना मावशी" म्हणालीस आणि निघालीस. बरं, निघताना मला हसलीससुद्धा. माळ्याची फळी लावताना मी "मी बाहेर" असं पुटपुटले, ते तू ऐकलंस. मावशीचं डोकं फिरलं, असं तुझ्या तोंडावर स्वच्छ उमटलं होतं. रागावले नाही मी. पण हसायच्या आधी विचारावं माणसानं.

ते "मी बाहेर" आमच्या शेठचं. कुरुळीकडच्या शेडमध्ये मी ज्यांच्या हाताखाली इतकी वर्षं फायबरचं काम केलं, त्यांचं. नाव नाही लिहीत. त्यांना ते कुठं लिहिलेलं आवडायचं नाही. शेडला पाटीसुद्धा नव्हती. तोंडावर आम्ही शेठ म्हणायचो, माघारी टकटकशेठ.

आम्ही म्हणजे मुख्यतः मी आणि सुमन. सुमन जालन्याकडची, माझ्यापेक्षा बरीच लहान, जीभ तिखट. काम काय, तर पाण्याच्या टाक्या, सोसायटीच्या गेटावरच्या वॉचमनच्या केबिनी, बागेतल्या घसरगुंडीचे हत्ती. एकदा पाऊस आला तर ह्या बाईनं हत्तीचा सुटा कान डोक्यावर धरला आणि रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात केला. रिक्षावाल्यानं जो वेग घेतला, तो थेट चाकणला थांबला असेल.

काम वाईट नव्हतं, खाजरं होतं. साच्याला मेण लावायचं, वर रंगाचा थर, मग काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून थरावर थर द्यायचे आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. काचेची कुसं अंगात शिरतात. म्हणून सकाळी हातांना पावडर फासायची आणि घरी गेल्यावर आधी गार पाणी घ्यायचं, गरम घेतलं तर कुसं आणखी आत जातात. तुझे काका म्हणायचे, लग्न केलं तेव्हा साधी बाई होती, आता काचेची झाली, जपून हात लावावा लागतो.

शेठ कोकणातले. उंच, वाळके, कानाची पाळी मोठी. खिशात जुनं जाड पाच रुपयांचं नाणं. ते नाणं त्यांनी कधी खर्च केलं नाही. ते ठोकायचं नाणं. फायबरच्या वस्तूला मार बसला की वरून चीर दिसते नखाएवढी, पण आतले पापुद्रे हातभर सुटलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं. चांगल्या जागी नाणं मारलं की टण् येतो, सुटलेल्या जागी भद्. शेठ नाणं मारत जायचे आणि भद् आलं की खडूनं खूण करायचे. सवय इतकी लागली होती की भाजीवाल्याचा भोपळा, बँकेची भिंत, चहाची किटली, काहीही सोडायचे नाहीत. "जगात आवाज दोनच गो बाय," म्हणायचे, "भरलेला नि पोकळ."

एकदा सुमनचं हेल्मेट टेबलावर होतं. त्यावर ठोकून म्हणाले, "पोकळ."

"आत डोकं नाहीय ना शेठ आत्ता," सुमन म्हणाली.

"असतं तरी हाच आवाज आला असता."

ठोकण्याचं खरं काम मात्र ते गुरुवारीच करायचे. तुमच्या हिंजवडीत शनिवार-रविवार असतो, इकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. लाईटही बहुतेक जायची. एरवी शेजारच्या प्रेसशॉपच्या दणक्यानं पायाखालची जमीन हलत असायची, आणि गुरुवारी सगळा पट्टा असा गप्प व्हायचा की लांबच्या हायवेवरचा ट्रकसुद्धा कुणी कुजबुजल्यासारखा वाटायचा. भर दुपार, लख्ख ऊन, आणि आवाज नाही. मला ती दुपार कधी आवडली नाही. रात्रीच्या शांततेला माणूस सरावतो, दिवसाच्या नाही. आम्ही दोघी अर्धा दिवस मॅट कापायला जायचो. कात्रीचा आवाज आणि शेठचं नाणं, एवढंच.

आता "मी बाहेर". कुठलीही पोकळ वस्तू बंद करायची वेळ आली, टाकीचं झाकण चिकटवायचं असो की केबिनचं छत, की शेठ काम थांबवायचे. शेडमध्ये जो कुणी असेल त्यानं समोर येऊन मोठ्यानं म्हणायचं, मी बाहेर. मी म्हणायची, सुमन म्हणायची, टेम्पोवाला आलेला असला तर तोही. वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला होता, त्यालाही म्हणायला लावलं. तो बिचारा, "मी तर आत आलोच नव्हतो," म्हणाला. शेठ म्हणाले, "मग तसं बोल ना." सगळ्यांचं म्हणून झालं की झाकण बसायचं.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, कोकणातली काही रीत असेल. नंतर त्यातलं शहाणपण कळलं. रेझिनचा वास कोंडलेल्या जागेत डोक्यात चढतो. आधी गोड झोप येते, मग माणूस उठत नाही. म्हणून शेठचा दुसरा नियम असा की आत रेझिनचं काम पंखा चालू असेल तरच, आणि आत जायचं ते त्यांनी स्वतः. आम्हाला कधी आत पाठवलं नाही.

पण एक गोष्ट सुमनच्या लक्षात आली. घरी जाताना म्हणाली, "मावशी, शेठ सगळ्यांना वदवतात. स्वतः कधी म्हणालेत का, मी बाहेर?"

मी आठवून पाहिलं. खरंच, कधी नाही.

उन्हाळा लागत होता तेव्हा ती बोट आली, ट्रेलरवर. शिडाची बोट, पांढरी, पोटाला निळा पट्टा. डोलकाठी आडवी बांधलेली आणि तिच्या टोकाला लाल फडकं. चाकणच्या चौकात तिनं पाणीपुरीवाल्याची छत्री आडवी केली, असं ड्रायव्हर मोठ्या अभिमानानं सांगत होता. मागून गाडीत मालक आले, प्राधिकरणात राहणारे एक निवृत्त साहेब, अर्धी चड्डी आणि गॉगल. पवनेच्या धरणात बोट खडकावर घासली आणि ट्रेलरवर ओढताना पुन्हा आपटली. पुढच्या बाजूला, पोटाशी, परातीएवढी जागा फुटली होती.

"एक पॅच मारून द्या," साहेब म्हणाले. "रविवारी न्यायचीय."

"पॅच सायकलच्या ट्यूबला मारतात साहेब. हिला लागलंय. किती लागलंय ते मी तिला विचारतो, तुम्ही जरा बाहेर उभे राहा."

"अहो, बोट माझी आहे."

"म्हणूनच. मालकासमोर खरं सांगत नाहीत त्या."

साहेब बाहेर जाऊन उभे राहिले. माणूस चांगला होता.

गुरुवारी शेठनी नाणं काढलं. परातीएवढी जागा म्हणता म्हणता खडूची रेघ पार नाकाडापर्यंत गेली. आणि तिथं, बोटीच्या हनुवटीखाली, त्यांचा तळहात थांबला. आधी एका बोटानं, मग अंगठ्यानं ते काहीतरी चाचपत राहिले. मी जवळ गेले. तुरीच्या डाळीएवढा फुगवटा होता, बाकी काही नाही.

"हा तीळ मी पाडलाय," शेठ म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. गावाकडे खाडीच्या काठी बोटींचा कारखाना होता, तिथं ते आणि त्यांचा थोरला भाऊ काम करायचे. मच्छीमारीच्या बोटी व्हायच्या, कधी एखाद्या क्लबच्या शिडाच्या. एकदा शेठच्या हातून हातोडी साच्यावर पडली आणि साच्याला खळगा पडला. "त्यातून पुढं जेवढ्या बोटी निघाल्या, सगळ्यांच्या हनुवटीला हा तीळ."

"म्हणजे माहेरची निघाली की," सुमन म्हणाली.

शेठ हसले नाहीत. नाणं खिशात टाकून ते नळावर गेले आणि किती तरी वेळ हात धूत राहिले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी फुटलेला भाग घासून काढला. कडेनं उतार द्यायचा असतो, म्हणजे नवा थर जुन्याला धरतो. आत ओल होती ती उन्हात वाळू दिली. बाहेरून जसे थर द्यायचे तसे आतूनही द्यावे लागतात, आणि ही जागा पुढच्या कप्प्यात होती. अशा बोटीचा पुढचा कप्पा पडदी घालून हवाबंद करतात, म्हणजे पाणी भरलं तरी बोट बुडत नाही. शेठ बोटीच्या पोटात वाकून त्या पडदीकडे गेले आणि मला हाक मारली. पडदीच्या मधोमध चौकोनी जोड होता. कुणीतरी कधी काळी ती कापून पुन्हा चिकटवली होती. माणूस जाईल एवढा चौकोन.

"साहेबांना विचारा, कुणी कापलं होतं," मी म्हणाले.

"त्यांनी ती तिसऱ्या-चौथ्या हातून घेतलीय. त्यांना काय ठाऊक," शेठ म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

त्यांनी तो चौकोन उघडला.

मग गुरुवार आला. लाईट नव्हती. मी आणि सुमन जमिनीवर बसून मॅट कापत होतो, बोट आमच्या पाठीशी ट्रेलरवर. आतून ठोकल्याचा आवाज आला. ठक. थोडं थांबून, ठक ठक. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही, शेठ आत होते आणि त्यांचं ठोकणं चालायचंच. सुमनला चेष्टा सुचली. तिनं कात्रीच्या मुठीनं बोटीच्या पोटावर मारलं, ठक ठक. आतून तसंच उत्तर आलं. तिनं पुन्हा मारलं, पुन्हा आलं.

"शेठ," सुमन म्हणाली, "खेळ पुरे झाला. चहा सांगायचा का?"

आतून ठक.

"त्यापेक्षा बाहेर येऊन बोला ना."

ठक ठक ठक.

आणि शेठ गेटातून आत आले. हातात चहाची प्लास्टिकची पिशवी, बोटात कागदी कप अडकवलेले. "आज गुरुवार, टपरी बंद," ते सांगत होते, "पार फाट्यापर्यंत जावं लागलं." मग आमची तोंडं पाहून थांबले.

सुमनची कात्री अजून बोटीला टेकलेली होती. तिच्या हाताखालून आवाज आला, ठक.

मी ट्रेलरवर चढून आत पाहिलं. कुणी नव्हतं. पडदीचा चौकोन उघडा, पलीकडे कप्पा रिकामा, आणि फुटक्या जागेतून आत आलेलं दुपारचं ऊन. तू म्हणशील शेडचा पत्रा तापला की वाजतो. वाजतो, माहीत आहे मला, त्या पत्र्याखाली माझं निम्मं आयुष्य गेलं. पत्रा वरून वाजतो. हे माझ्या गुडघ्याखाली वाजत होतं.

शेठनी चहा खाली ठेवला आणि आम्हाला भावाचं सांगितलं. एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. थोरला भाऊ कप्प्यात शिरून रेझिननं कोपरे भरत होता. दुपारी शेठ आले तेव्हा आतून काही आवाज नव्हता. भाऊ जेवायला गेला असेल असं त्यांना वाटलं. काम पुढं न्यावं म्हणून त्यांनी आत न डोकावताच पडदी बसवली आणि कडेनं रेझिन भरलं. शेजारी इंजिन चालू होतं. भाऊ आत झोपला होता त्या वासानं.

"ठोकलं असेल त्यानं," शेठ म्हणाले. "जाग आली असेल नि ठोकलं असेल. इंजिनात मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी वहिनी विचारत आली, जेवायला का नाही आले म्हणून. तेव्हा पडदी कापली."

"तीच बोट आहे का ही?" सुमननं विचारलं.

"साचा एक, बोटी पुष्कळ. मी काय सांगू? त्याच महिन्यात मी गाव सोडलं. वहिनीला तोंड दाखवलं नाही, ते आजपर्यंत."

त्यानंतर शेठ बदलले. काम पुढं सरकेना. साहेबांचा फोन आला की म्हणायचे, अजून ओल आहे. ओल कसली, चाकणच्या उन्हात पापड वाळावा तशी बोट वाळली होती. शेठ उगाच आत जाऊन बसायचे. पडदीपलीकडे, त्या कप्प्यात, गुडघे छातीशी घेऊन. मी जेवायला हाक मारली की म्हणायचे, तू जेव गो. कधी आतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं, हळू, मध्ये थांबून, समोरचा उत्तर देतोय आणि हे ऐकताहेत असं. मला भीती भुताची नव्हती. भीती ही होती की ह्या माणसाला आतलं बोलावणं आलंय असं वाटतंय आणि एक दिवस हे जातील. सुमन म्हणाली, साहेबांना सांगून बोट परत पाठवू. मी म्हणाले, फुटकी बोट शेठ सोडणार नाहीत, आणि बंद करायला तयार नाहीत. ह्यातून वाट कोणती?

पुढच्या गुरुवारी आम्ही पोचलो तर गेटापासूनच वास. रेझिनचा, ताजा. लाईट नाही, पंखा बंद, आणि आत रेझिनचं काम चालू. ज्यांनी नियम केला त्यांनीच मोडला होता. ट्रेलरजवळ शेठच्या चपला, रेझिनच्या डब्याचं झाकण उघडं.

"शेठ," मी हाक मारली.

ठक.

"आहेत," सुमन म्हणाली, "ठोकतायत."

"ठोकण्याचा आता भरवसा नाही. शेठ, बोला. तोंडानं बोला."

ठक ठक. ठक ठक ठक. इतकं घाईनं ते कधी वाजलं नव्हतं. बोटीचं सगळं पोट थरथरत होतं.

मी वर चढले. पडदीच्या चौकोनात मला फक्त त्यांच्या पायांचे तळवे दिसले, पांढरे पडलेले, न हलणारे. पदर नाकाला बांधला आणि एक पाय धरला, दुसरा सुमननं. वाळका माणूस, पण सैल पडलेलं अंग जड होतं गं. ओढताना त्यांचा सदरा वर सरकला, पाठ खरचटली, आम्हाला त्याचं भान नव्हतं. कसेबसे त्यांना बाहेर आणले, ट्रेलरवरून उतरवले, मोकळ्या हवेत ताडपत्रीवर निजवले. छाती हलत होती. तोंडावर पाणी मारलं, सुमन पुठ्ठ्यानं वारा घालायला लागली.

आणि बोट वाजतच होती.

शेठ आमच्यासमोर पडलेले, हात दोन्हीकडे पसरलेले, आणि मागं ठक ठक ठक ठक, थांबायचं नाव नाही. सुमननं माझा दंड असा पकडला की चार दिवस वळ होता. शेठना तसं टाकून मला पळता आलं नसतं. म्हणून मी उठले असेन. बोटीपाशी गेले, पोटावर तळहात ठेवला. आवाज हाताला लागत होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "बाहेर आहेत. काढलं आम्ही त्यांना. तुमचा भाऊ बाहेर आहे."

ते थांबलं. पोरगं रडता रडता कडेवर घेतल्यावर थांबतं, तसं. शेवटचा एक ठोका अर्धवट, आणि मग कुठं काही नाही.

फाट्यावरच्या दवाखान्यात शेठ शुद्धीवर आले. सलाईन लागलं होतं. पहिला प्रश्न विचारला, "ठोकत होता?"

"हो," मी म्हणाले.

"मला बोलावत होता तो. किती दिवस."

सुमन शेजारी मोसंबं सोलत बसली होती. तिनं वर न बघता म्हटलं, "नाही हो शेठ. तुम्हाला बाहेर काढलंय म्हटल्यावर गप्प झाला तो. तुम्हाला कशाला बोलावेल? आम्हाला सांगत होता, आत माणूस आहे म्हणून. घ्या, फोड घ्या."

शेठनी फोड हातात घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं. आम्ही दोघी व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिलो. कुणाला रडताना बघत बसू नये.

बरे झाल्यावर त्यांनी बोट पुरी केली, सुट्टीचा दिवस टाळून, पंखा लावून. आतून थर, बाहेरून थर, घासकाम, पॉलिश. तो तीळ तेवढा तसाच ठेवला. पडदी बंद करायच्या दिवशी साहेब हजर होते. त्यांनाही रांगेत उभं केलं.

"मी तर इथं समोरच आहे," साहेब म्हणाले.

"म्हणायला काय जातं साहेब," सुमन म्हणाली, "आम्ही नाही का म्हणत." म्हणाले बिचारे.

मग शेठ चौकोन हातात धरून पडदीसमोर उभे राहिले. शेवटी ते म्हणाले, मोठ्यानं नाही पण आम्हाला ऐकू येईल असं, "मी बाहेर." आणि चौकोन बसवला. बोट गेली. साहेब ती अजून चालवतात, काही झालं नाही तिला.

त्या आठवड्यात शेठ गावाला गेले. परत आले तेव्हा हातात आमसुलांची पिशवी. मी विचारलं, वहिनी काय म्हणाल्या?

म्हणाले, दार लोटलेलं होतं. कडी वाजवायला हात उचलला, पण वाजवता येईना. जन्मभर जगाला ठोकत आलेला माणूस, अंगणात उन्हात उभा राहिला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो ऐकत. मग वहिनी पाणी टाकायला म्हणून बाहेर आल्या. केस पांढरे झालेले. तपेली तशीच हातात राहिली.

"आणि?"

"म्हणाली, भावोजी, उन्हात कशाला उभे? आत या, पानं घेतेच आहे."

शेठ आता तिकडंच असतात. दर वर्षी कुणाच्या तरी हाती आमसुलं येतात. ह्या खेपेची बरणी भरलेली आहे, मी एकटी किती संपवू? सार करीन, गरम भात करीन, सुमनलाही बोलावते. येत्या गुरुवारी तुला नसेल जमत तर रविवारी ये. पण लवकर ये गं.